यातला पिंक कोण?

भाच्याच्या काळ्या टी-शर्टवर तो लोलक होता. एका बाजूनं पांढरा किरण आत शिरतोय, दुसरीकडून रंगांची पट्टी बाहेर पडतेय. मी विचारलं, "ऐकतोस का रे हे?" तो म्हणाला, "काय?" म्हटलं, "अंगात घातलंयस ते." त्यानं मान वाकवून स्वतःच्याच छातीकडे पाहिलं. "हां, पिंक फ्लॉइड. नाव माहितीये. पण मावशी, यातला पिंक कोण?"

मला हसू आवरेना. तो बिचारा चिडला. पण हाच प्रश्न लोक त्या ब्रिटिश रॉक बँडला खरोखर विचारायचे, आणि 1975 च्या 'विश यू वेअर हिअर' अल्बममधल्या 'हॅव अ सिगार'मध्ये त्यांनी तो जसाच्या तसा घातलाय. रेकॉर्ड कंपनीतला बडा माणूस त्यांच्यापुढे चिरूट धरतो, तोंड भरून कौतुक करतो आणि त्याच दमात विचारतो, की बरं, तुमच्यातला पिंक कोण? पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल हे अमेरिकेतले दोन ब्लूज गायक-वादक. त्यांची पहिली नावं बँडचा सुरुवातीचा गायक-गिटारवादक सिड बॅरेटनं एकापुढे एक ठेवली, एवढीच ती हकिगत. बँडमध्ये पिंक कधी नव्हताच.

हे ऐकून भाचा म्हणाला, "मग ऐकव की काहीतरी. पण एका तासात बसव हं. तीन तासांची प्लेलिस्ट पाठवलीस तर मी ऐकणार नाही, आधीच सांगतो."

एक तास. मला वाटलं, एका संध्याकाळचं काम. तीन आठवडे लागले.

पहिल्या संध्याकाळी वही घेऊन बसले आणि आवडीची गाणी लिहीत गेले. चौतीस झाली. बेरीज केली तर पावणेचार तास. त्यातून कमी करू म्हटलं तर प्रत्येक नावापाशी घोडं अडायचं, कारण ते गाणं मी पहिल्यांदा कुठे ऐकलं, तेव्हा कोण बरोबर होतं, हे सगळं त्याला चिकटलेलं. भाच्याला माझ्या आठवणींशी काय देणंघेणं? हे कळायला दोन दिवस गेले. मग वहीतली अकरा नावं एका दमात खोडली. ती गाणी चांगलीच आहेत, पण यादीत ती माझ्यासाठी होती.

दुसरी अडचण बँडचीच. एका नावाखाली तीन बँड आहेत. 1967 चा पहिला अल्बम म्हणजे बॅरेटचं राज्य: सायकली, बुटके, परीकथा, मधूनच अंतराळ. 1968 मध्ये बॅरेट बाहेर पडला, तोवर गिटारवाला डेव्हिड गिल्मर आत आलेला होता. त्यानंतर चाचपडत, धडपडत ते 1971 च्या 'मेडल'पर्यंत आले आणि तिथून 1979 च्या 'द वॉल'पर्यंतचा पल्ला हा जगाला ठाऊक असलेला पिंक फ्लॉइड. पुढे 1985 मध्ये बेस गिटारवाला रॉजर वॉटर्सही गेला, आणि उरलेल्यांनी गिल्मरच्या पुढाकारानं आणखी अल्बम काढले. सगळ्या अल्बमवर नाव असलेला एकच माणूस, ड्रमवाला निक मेसन. मी 1979 नंतरचं सगळं काढून टाकलं. 1994 च्या 'हाय होप्स'मधली ती घंटा सोडताना हात थरथरला, पण तासाचं गणित कुणाची गय करत नाही.

मग इतरांनी काय केलंय ते पाहिलं. 1981 मध्ये कंपनीनं एक संग्रह काढला होता, त्याचं नाव 'अ कलेक्शन ऑफ ग्रेट डान्स साँग्ज'. ज्यांच्या गाण्यांवर पाय हलवणं कठीण, त्यांनी असं नाव द्यायचं म्हणजे उघड थट्टा. त्यात सहा गाणी. 'मनी'चे हक्क दुसऱ्या कंपनीकडे अडकलेले म्हणून ते गाणं गिल्मरनं जवळजवळ एकट्यानं नव्यानं वाजवून घातलं. 2001 चा 'इकोज' हा संग्रह मात्र विचारानं केलेला. दोन सीडींवर सव्वीस गाणी, काळाचा क्रम धुडकावून लावलेला, आणि एक गाणं संपताना दुसरं त्यातच सुरू होतं. तो ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं, की हे काम यादी करण्याचं नाही. पण तेव्हा ते नुसतंच वाटलं. शहाणपण नंतर आलं, फजिती होऊन.

त्याआधी 'इकोज' या गाण्याशी झालेली झटापट सांगते. 'मेडल'ची अख्खी दुसरी बाजू, साडेतेवीस मिनिटं. माझ्या तासातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेळ त्यातच जाणार. पण पिंक फ्लॉइड म्हणजे काय हे एका गाण्यात सांगायचं तर हेच. सुरुवातीला रिक राइटच्या पियानोचा एकच सूर, फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला. टिंग. मग थांबणं. पुन्हा टिंग. खोल पाण्यात कुणीतरी खडा टाकून आवाज कधी परत येतो ते बघत असावं, तसं. 2001 च्या संग्रहात त्यांनी स्वतःच ते कापून साडेसोळा मिनिटांवर आणलंय. म्हटलं, त्यांनी कापलं तर मी का नको?

मधला एक भाग आहे. पायानं दाबून गिटारचा आवाज बदलायच्या गिल्मरच्या वा-वा पेडलच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या आणि गिटारमधून समुद्रपक्ष्याच्या किंकाळीसारखा आवाज निघाला, तो त्यांनी ठेवून दिला. साधारण अकराव्या मिनिटाला सगळी वाद्यं मावळतात आणि या किंकाळ्या सुरू होतात. चारेक मिनिटं नुसता काळोख. नवख्या माणसाला हे कशाला, म्हणून तेवढा भाग मी उडवला आणि आधीचा ठेका विरतो तिथे परतणारा टिंग आणून जोडला. सांधा छान बसला, कळलाही नसता. पण ऐकलं तर गाण्यातून जीव गेलेला. तो टिंग परत येतो तेव्हा अंगावर काटा येतो तो आधीच्या काळोखामुळे. माझ्या आवृत्तीत गाणं पाण्यात न उतरताच अंग पुसत होतं. तीन वेळा वेगवेगळ्या जागी कात्री लावून पाहिली, मग फाईल पुसून टाकली. 'इकोज' नाही. ठरलं.

'ॲनिमल्स'चंही तेच. 1977 च्या त्या अल्बमवर पाचच ट्रॅक; दोन दीड-दीड मिनिटांचे, बाकीचे तीन दहा ते सतरा मिनिटांचे. छोट्यातलं एक घालावं असं मनात आलं, पण ते म्हणजे घर न दाखवता नुसतं पायपुसणं दाखवण्यासारखं. अख्खा अल्बम वगळला. ज्यांचा तो जीव की प्राण आहे त्यांनी मला शिव्या घालाव्यात, मीही घातल्यात.

असं करत पहिली आवृत्ती तयार झाली. बारा गाणी, सुट्या फायली. 'विश यू वेअर हिअर' हे नाव-गाणं सगळ्यात पुढे, कारण ते कानाला मऊ, गिटार शिकणारा प्रत्येकजण कधी ना कधी ते वाजवतो, दार उघडायला याहून सोपं काय? त्यानंतर 1967 पासून क्रमानं पुढे. 'हॅव अ सिगार' मी मुद्दाम बाजूला ठेवलं होतं. कारण ते बँडमधल्या कुणी गायलेलंच नाही. वॉटर्सचा आवाज बसलेला, गिल्मर गायला तयार नव्हता. त्याच इमारतीत, ॲबी रोड स्टुडिओत, त्यांचा मित्र रॉय हार्पर स्वतःचा अल्बम करत होता, तो येऊन गाऊन गेला. बँडची ओळख करून देताना पाहुण्याचा आवाज कशाला, असा माझा बिनतोड युक्तिवाद.

फायली पाठवल्या. दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन. "मावशी, पहिली फाईल बिघडलीये. आवाज डब्यातून आल्यासारखा येतोय. पुन्हा पाठव."

"किती वेळ ऐकलंस?"

"अर्धा-पाऊण मिनिट. मग पुढचं लावलं. त्यात पण कुणीतरी डब्यातून बोलतंय. ग्रहांची नावं वाचतंय. तुझ्या सगळ्याच फायली गेल्यात बहुतेक."

पुढचं गाणं म्हणजे 'ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी', पहिल्या अल्बममधलं पहिलं. बँडचा तेव्हाचा मॅनेजर पीटर जेनर मेगाफोनमधून आकाशातली नावं वाचतो, तिथून ते सुरू होतं. म्हणजे मी त्या पोरापुढे एकापाठोपाठ एक दोन डबे ठेवले होते.

पहिल्याचं काय झालं ते कळलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. ते गाणं सुरू होतं रेडिओची खुंटी फिरवण्यानं. गिल्मरच्या गाडीतल्या रेडिओवरून टेप केलेलं ते. बोलण्याचे तुकडे, चायकॉव्स्कीच्या चौथ्या सिम्फनीतला एक कण, मग खरखरीतून वर येणारी बारा तारांची गिटार, किरटी, बारीक, दूरच्या स्टेशनवर लागल्यासारखी. बराच वेळ तसंच. कुणीतरी खोकतं. आणि मग अगदी कानाशी, जणू रेडिओसमोर बसलेल्या माणसानं आपली गिटार उचलली, अशी दुसरी गिटार भरल्या आवाजात तिला उत्तर देते. सगळी गंमत त्या दोन आवाजांमधल्या अंतरात आहे. भाचा दुसऱ्या गिटारीपर्यंत पोचलाच नाही.

पण मग अल्बम ऐकताना कुणाला तो डबा बिघडलेला का वाटत नाही? मी सीडी लावून आधीचं गाणं ऐकलं. आधीचं गाणं, अर्थातच, 'हॅव अ सिगार'. शेवटी गिटारचा सोलो ऐन भरात असतो, आणि एकदम सूंऽऽ करून तो सगळा आवाज आक्रसतो. तोच सोलो, तीच वाद्यं, पण आता एखाद्या छोट्या रेडिओतून येणारी. मग खुंटी फिरते, स्टेशन बदलतं, आणि 'विश यू वेअर हिअर' सुरू. आवाज बारीक का झाला, ते ऐकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत झालेलं असतं. मी आधीचं गाणं उडवलं आणि कारणच उडवलं.

इथे माझी यादी मोडली. कोणती गाणी घ्यायची हा प्रश्नच दुय्यम होता; कशानंतर काय येतं, हाच प्रश्न. ही माणसं गाण्यांच्या फटीत वारा भरतात, हेलिकॉप्टर भरतात, घड्याळं, फोन, हसणं, पावलं भरतात. त्या फटी मी कचरा म्हणून झाडून काढत होते. वही मिटली आणि मिक्स सांध्यांपासून बांधायला घेतलं.

पाहुणा रॉय हार्पर सन्मानानं आत आला.

पहिली गोष्ट, सुट्या फायली बाद. एमपीथ्री करताना फाईलच्या पुढे-मागे शांततेची एक बारीक चकती चिकटते. एरवी कळत नाही. पण 'द वॉल'मध्ये 'द हॅपिएस्ट डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' संपतं तेच 'अनदर ब्रिक इन द वॉल'च्या दुसऱ्या भागाच्या पहिल्या ठोक्यावर, किंकाळीसकट. तिथे ती चकती आली की ऐन उंबरठ्यावर ठेच. म्हणून सगळं मिळून एकच लांब फाईल करायची. भाचा कुरकुरला, गाणं ओलांडून पुढे जाता येणार नाही म्हणून. म्हटलं, तेच हवंय मला. कोणतं गाणं कितव्या मिनिटाला सुरू होतं ते लिहून देईन, पण उडी मारशील ती कष्टानं मार.

मग कॉम्प्युटरवर एडिटर उघडला. सीडीवरून थेट घेतलेल्या, न दाबलेल्या फायली. हे काम ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक असेल, लहर नुसत्या डोळ्यांनी बघून कापली की जोडावर 'टक्' असा आवाज येतो. लहर वर असताना एक तुकडा संपला आणि दुसरा खालून सुरू झाला, की स्पीकरच्या पडद्याला एकदम उडी मारावी लागते. तोच तो 'टक्'. म्हणून चित्र इतकं मोठं करायचं की गाणं नाहीसं होऊन नुसती एक वेडीवाकडी रेघ उरते, आणि ती मधल्या रेषेला जिथे ओलांडते नेमकं तिथे कापायचं. मी 'ब्रिक'चा शेवट असा कापत होते. तिथे मास्तरांची आरडाओरड चालू असते, त्यातून फोनची घंटी, आणि मग पुढचं गाणं. घंटीच्या आधी कापलं तर मास्तरांचं वाक्य तुटतं. घंटीनंतर कापलं तर फोन वाजतो आणि कुणी उचलत नाही. दीड तास त्या काही सेकंदांवर गेला. शेवटी घंटी ठेवली आणि तिच्यामागून सरळ 'सी एमिली प्ले' लावलं. फोन वाजतो आणि पलीकडून 1967 साल उचलतं. एकटीच टाळी वाजवून घेतली.

'सी एमिली प्ले' घेण्यामागे कारण होतं. बॅरेटची अख्खी कारकीर्द तीन मिनिटांत सांगायची तर तेच. इंग्लंडमध्ये ते सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. पण ते मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. हेडफोनवर 'द वॉल'चा रुंद स्टिरिओ ऐकून त्याच्यापाशी आलं की सगळं गाणं दोन कानांच्या मधोमध गोळा होऊन बसतं, कुणी भिंती आत ढकलल्यासारखं. कृत्रिम रुंदी देऊन पाहिली. आवाज धुवून पिळल्यासारखा फिका झाला. ते रद्द. मग सुचलं, की भिंती पुन्हा बाहेर सरकवणारं गाणं लगेच नंतर ठेवू: 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड', पहिले पाच भाग, साडेतेरा मिनिटं.

त्या गाण्याची सुरुवात म्हणजे आलापच. ठेका नाही, शब्द नाहीत, नुसता सिंथचा विस्तार, आणि त्यात पाण्यानं भरलेल्या काचेच्या पेल्यांच्या कडांवर बोट फिरवून काढलेले सूर. हे पेले एका अर्धवट सोडलेल्या उद्योगातून उरलेले. 'द डार्क साइड ऑफ द मून' या 1973 च्या लोलकवाल्या अल्बमनंतर घरातल्या वस्तूंवर अख्खा अल्बम करायचा घाट त्यांनी घातला होता, तो बारगळला. पेले तेवढे कामी आले. मोनो गाणं संपून हे सुरू होतं तेव्हा खोलीला अंगण फुटतं. जी खोट लपवायला निघाले होते तिचाच उपयोग झाला.

आणि दुसरं म्हणजे, 'शाइन ऑन' हे बॅरेटबद्दलच आहे. आधी त्याचा आवाज, मग त्याच्यासाठीचं गाणं. 5 जून 1975 ला ॲबी रोडमध्ये याच गाण्याचं काम चालू असताना एक जाडजूड माणूस आत येऊन उभा राहिला. डोक्यावर केस नाहीत, भुवयाही भादरलेल्या. बराच वेळ कुणी ओळखलं नाही. तो बॅरेट होता. ही गोष्ट मी भाच्याला आधी सांगावी की नाही यावर स्वतःशीच भांडले. नाही सांगितली. नमनाला घडाभर तेल जाळलं की गाणं ऐकू येत नाही, गोष्टच ऐकू येते. पाठवताना फक्त नावं आणि मिनिटं, बाकी एक अक्षर नाही.

पाचव्या भागाच्या शेवटी डिक पॅरीचा सॅक्सोफोन विरताना पुढच्या गाण्याच्या यंत्राची घरघर त्यात मिसळू लागते. ते पुढचं गाणं मला नको होतं, म्हणून घरघर सुरू व्हायच्या आत आवाज उतरवत नेला. पहिल्यांदा उशीर झाला आणि शेवटी एक यंत्र धाप टाकत राहिलं. दुसऱ्यांदा घाई झाली, सॅक्सोफोनचा गळाच आवळला. पाचव्या खेपेला जमलं. तिथून 'हॅव अ सिगार'. ते एलपीच्या दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, त्यामुळे सुरुवात स्वच्छ, काही जोडावं लागत नाही. तिथून रेडिओ आणि 'विश यू वेअर हिअर', जसं अल्बमवर आहे तसं, बोटही न लावता.

या सगळ्या उपद्व्यापात मला मिळालेलं खरं बक्षीस पुढे आहे. 'विश यू वेअर हिअर'च्या शेवटी वारा सुटतो. गाणं त्या वाऱ्यात विरतं. अल्बमवर तो वारा 'शाइन ऑन'च्या पुढच्या भागांत जातो, पण माझ्याकडे तेवढी मिनिटं नव्हती. हा वारा घेऊन जायचं कुठे? रात्री कानात हेडफोन घालून नुसता तो वारा पुन्हा पुन्हा ऐकत बसले होते, आणि आठवलं. 'मेडल'! त्याचं पहिलं गाणं, 'वन ऑफ दीज डेज', वाऱ्यानंच तर सुरू होतं. 1975 चा वारा आणि 1971 चा वारा. दोन्ही एडिटरमध्ये एकाखाली एक ठेवले. एक जरा उंच, शीळ घालणारा. दुसरा खालच्या अंगाचा. अकरा सेकंद एकावर एक सरकू दिले. वारा थोडा फिरला, दिशा बदलली, एवढंच वाटतं, आणि मग त्यातून बेस गिटारचा तो एकच सूर, प्रतिध्वनीनं चौखूर उधळलेला. दोन बेस आहेत तिथे, वॉटर्स आणि गिल्मर दोघंही वाजवतात. मधे एकदाच निक मेसनचा विद्रूप केलेला आवाज एक धमकी देतो आणि सगळे तुटून पडतात. मऊ गाण्याच्या पाठीवर हे इतकं रानटी. हा सांधा मी दिवसभरात वीस वेळा तरी ऐकला असेल.

आणि कापाकापीची लाज तिथेच गेली. हे लोक स्वतःच कात्रीवाले. 'मनी'च्या सुरुवातीचे ते नाणी, फाटणारा कागद आणि गल्ल्याचे आवाज म्हणजे टेपचे तुकडे मोजून कापून, चिकटवून केलेलं वेटोळं. 'ब्रिक'चं मूळ गाणं एका कडव्याचं, चिमुकलं. निर्माता बॉब एझ्रिननं त्या कडव्याची नक्कल जोडून ते लांबवलं आणि नव्या कडव्यावर इस्लिंग्टन ग्रीन शाळेतली मुलं गायली. 'कम्फर्टेबली नम'चा शेवटचा सोलो, ज्याच्यासाठी लोक डोळे मिटून उभे राहतात, तो गिल्मरनं पाच-सहा वेळा वाजवला आणि प्रत्येकातला बरा भाग कागदावर खुणा करून, निवडून एक केला. मग मी दोन वारे जोडले तर बिघडलं कुठे?

सुरुवात कशानं करायची हे शेवटी ठरलं. 'टाइम' आधी 'फिअरलेस'च्या मागे होतं. 'फिअरलेस'च्या शेवटी लिव्हरपूलच्या फुटबॉलप्रेमींचा जमाव गातो, तो हळूहळू लांब जातो. ते नीट ऐकायला मी आवाज वाढवला, आणि पाठोपाठ 'टाइम'ची सगळी घड्याळं एकदम कोकलली. रात्रीचे दोन वाजलेले. खुर्चीतून उडालेच. ती घड्याळं ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सनं जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून टेप केली होती, चार स्पीकरांच्या क्वाड्राफोनिक ध्वनीचं प्रात्यक्षिक म्हणून. अल्बमसाठी ती नव्हतीच. म्हटलं, अशा गाण्याची जागा दारातच. पण दारातही तोच धोका: आधीची टिकटिक हलकी, पोरगं आवाज वाढवणार आणि मग कानठळ्या. म्हणून तेवढ्या घड्याळांचा आवाज मी तीन डेसिबलनं उतरवला. हे पाप आहे. मान्य आहे. पुन्हा करीन.

'टाइम'च्या पोटातच 'ब्रीद'ची छोटी उजळणी येते आणि ती सरळ 'द ग्रेट गिग इन द स्काय'च्या पियानोत उतरते. तिथे मला काहीच करावं लागलं नाही. शब्द नसलेलं ते गाणं गायिका क्लेअर टॉरीचं. त्या दिवसाचे तिला 30 पौंड मिळाले होते. 2004 मध्ये ती कोर्टात गेली, 2005 मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून राइटच्या जोडीला तिचंही नाव रचनाकार म्हणून लागतं. ते शांत झालं की दुरून हेलिकॉप्टर, आणि 'द वॉल'.

'मनी' नाही म्हणून माझ्यावर खटला भरता येईल. पण ते कुठेही कानावर पडतं, त्याला माझी गरज नाही, आणि आत घालायला गेले तर दोन्ही बाजूंचे सांधे उसवत होते. वेगवेगळ्या वर्षांच्या सीड्या असल्यानं आवाजाच्या पातळ्या वर-खाली होत्या, त्या एका संध्याकाळी सारख्या केल्या. कंटाळवाणं काम, त्याबद्दल एवढंच. शेवटी 'फिअरलेस' आणि त्याच्या जमावानंतर दोन सेकंद काहीही नाही. पूर्ण शांतता, साऱ्या मिक्समधली एकमेव. मग 'कम्फर्टेबली नम'. एकूण बासष्ट मिनिटं आणि काही सेकंद. वरची दोन मिनिटं भाच्यानं माफ करावीत.

पाठवलं. दोन दिवस काही नाही. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून फोन उलटा करून ठेवायचे आणि दर दहा मिनिटांनी सुलटा करून बघायचे. तिसऱ्या रात्री निरोप आला.

"मावशी!! तो खरंच विचारतो पिंक कोण म्हणून!"

लगेच दुसरा: "आणि मग गाणं डब्यात गेलं. आता कळलं."

तिसरा जरा वेळानं: "पण हा गातोय कोण? वॉटर्स की तो दुसरा?"

मी लिहिलं, "दोघंही नाहीत. रॉय हार्पर. तो बँडमध्ये नव्हताच."

बराच वेळ पडद्यावर तो टाइप करत असल्याचे ठिपके हलत राहिले. मग आलं: "म्हणजे ती पाच मिनिटं पिंक फ्लॉइडची नाहीत. फसवणूक आहे ही. माझ्या तासातली पाच मिनिटं बाकी राहिली तुझ्याकडे."

मी 'इकोज' पाठवलं. साडेतेवीस मिनिटांचं, अख्खं.